पद्माकाकूंचं शिखरजी

पद्माकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते टँकरच्या मागे पळताना.

लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी यायचं. आम्ही त्या गल्लीत नुकतेच राहायला गेलो होतो. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी, पिंपं, बादल्या, एखादी तर बाळाला आंघोळ घालायचा टबसुद्धा घेऊन उभी असायची. त्या दिवशी भांडणं आटोपली, पाणी संपलं, टँकर निघाला आणि समोरच्या घरातून सुती पातळ नेसलेली एक ठेंगणी बाई हातात वाटी धरून त्याच्यामागे धावत सुटली. "ओ भाऊ, थांबा की! ओ भाऊ!"

ड्रायव्हरला वाटलं, हिला पाणी मिळालं नाही. त्यानं खिडकीतून डोकं काढून सांगितलं की टाकी रिकामी झाली. त्यावर बाई म्हणाल्या, "मला घ्यायचं न्हाई, द्यायचं हाय."

जैनांच्या घरी पाणी फडक्यातून गाळून घेतात, एवढं मला ठाऊक होतं. पण गाळल्यावर त्या फडक्यात जे बारीक जीव राहतात, ते पुन्हा पाणी घालून, जिथून पाणी आणलं तिथंच हळूच सोडायचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. विहिरीचं असेल तर विहिरीत, नदीचं असेल तर नदीत. म्हणजे त्यांचं घर मोडत नाही. आता टँकरचं पाणी असेल तर काय करायचं? ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हे पानी लई लांबून आलंय. मिरजेहून." काकू तिथंच रस्त्यात विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग मिरजेला जानारं कुनी हाय का तुमच्यात?"

गल्ली खो खो हसली. मीही हसले. त्या ड्रायव्हरच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं वाटी घेतली, शिडीवर चढला, झाकण उघडलं आणि आत ओतून दिली. काकू परत आल्या. माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "हसा की बाई, मलाबी हसू यायलंय. पर त्येंचा काय गुन्हा?"

मी रेणापूरच्या शाळेत शिक्षिका होते, म्हणून सगळ्या गल्लीची 'बाई'. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तरी मला शेवटपर्यंत अहो-जाहो करत. घर कासारांचं. बाहेरच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, आत संसार. दुकानात त्यांचे यजमान बसत. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. अप्पा बोलून गिऱ्हाईक आणायचे आणि काकू बांगड्या भरायच्या. लगीनसराईत बायकांची रांग लागायची. काकूंचा हात मऊ. बोटं एकत्र करून, अंगठा आत दाबून, गिऱ्हाइकाला माहेरचं काहीतरी विचारायच्या आणि ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. हातातून रक्त काढणाऱ्या कासारणी मी पाहिल्यात. काकूंच्या हातून कुणाला ओरखडा उठल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असत. एक 'बेजार' आणि दुसरा 'असू द्या'. "बेजार झाले बाई" म्हणत त्या पापड लाटायच्या, बेजार झाले म्हणत दुसऱ्याच्या घरचं लग्न पार पाडायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण, जमिनीखालचं काही खायचं नाही, चौमासात पालेभाजी नाही, हे सगळं पाळून वर साऱ्यांच्या वेळा सांभाळायच्या. कुणी काही वेडंवाकडं बोललं की 'असू द्या'. मला त्यांच्या त्या 'असू द्या'चा कधीकधी संताप यायचा. माणसानं इतकंही असू देऊ नये.

काकू भात खात नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ लागला. त्यांचं माहेर देगलूरचं. तिकडं तेलंगण हाकेच्या अंतरावर, ताटात भाकरीआधी भात. काकूंच्या हातचा भात म्हणजे शीत न् शीत मोकळं. एका पंगतीत मी त्यांच्या ताटाकडे पाहिलं, तर नुसतं वरण आणि पोळी. विचारलं तर म्हणाल्या, "मी सोडलाय." पुढचं अप्पांनी सांगितलं. अप्पांना गोष्ट सांगायला फक्त समोर एक माणूस लागायचं.

त्यांचं लग्न झालं, त्याच वर्षी दोघं कुंथलगिरीला गेले होते. बार्शीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे भाऊ तिथूनच मोक्षाला गेले. आमच्याकडच्या जैनांना सगळ्यात जवळचा पवित्र डोंगर तोच. त्या दिवशी तिथं एका महाराजांचं प्रवचन होतं. शेवटी महाराजांनी विचारलं, आज इथून जाताना कोण काय सोडणार? ही जैनांची रीतच आहे. नियम घ्यायचा, काहीतरी सोडायचं.

"अन् मग बाई, लोक लागले सोडायला!" अप्पा सांगायचे. "एकानं पडवळ सोडलं. पडवळ कुनी खातंय का? एका शेटजीनं फणस सोडला. आमच्या लातुरात फणस बघायलाबी मिळत न्हाई. मी कारलं सोडलं. कारलं मी आईच्या पोटात असल्यापास्नं सोडलेलंच होतं. महाराज हसले, म्हनले, बरं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ही उभी राहिली अन् म्हनली, भात."

सगळा मंडप मागे वळून पाहू लागला. महाराजांनी विचारलं, किती दिवस? नव्या नवरीला एवढ्या माणसांत काय सुचणार? ती बोलून गेली, "शिखरजी व्हईपर्यंत."

शिखरजी म्हणजे सम्मेद शिखरजी, तिकडं झारखंडात. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तिथून मोक्षाला गेले. जैन माणसाच्या जन्माचं सार्थक त्या डोंगराच्या वंदनेत. अनवाणी चढायचं, शिखराशिखरावर पादुकांना डोकं टेकायचं आणि उतरायचं. धडधाकट माणसाचा सबंध दिवस जातो.

काकूंच्या बोलण्यात तशी चूक काही नव्हती. लग्न ठरवताना अप्पांनी मुलीच्या बापाला सांगितलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात जोडीनं शिखरजी करून आणतो. काकूंनी ते खरं धरलं. सुगी गेली की निघायचंच आहे, चार महिने भात नाही खाल्ला तर काय बिघडलं, असा त्यांचा हिशेब. अप्पा बोलणारे आणि काकू ऐकणाऱ्या. घात झाला तो इथंच.

पहिल्या हिवाळ्यात दुकानात माल भरला. दुसऱ्या हिवाळ्यात काकूंना दिवस गेले. मग सासूचं करणं, मग मुलाचं शिक्षण. एकदा संघाबरोबर जायचं पक्कं झालं, पेढे वाटून झाले आणि सासू मोरीत घसरून पडल्या. पुन्हा एकदा तिकिटं हातात आली, तर सगळा देशच घरात कोंडला गेला. काकूंची पिशवी मात्र भरलेली असायची. दोन पांढरी पातळं, पाणी गाळायचं गळणं, जपमाळ. पावसाळ्यात पातळांना वास लागतो म्हणून काढून उन्हात घालायच्या आणि परत भरायच्या.

आणि एवढी वर्षं त्या रोज भात शिजवत होत्या. अप्पांना दुपारी भाताशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. एकदा मी अप्पांना तोंडावर म्हटलं, "तुम्ही तरी सोडायचा होतात." काकूच आतून म्हणाल्या, "ते म्हनले व्हते बाई. मीच नगं म्हनलं. येका घरात येक पुरे. शिजवाया तर कुनीतरी खानारं पाह्यजे ना?" भात झाला की त्या झाकण काढून क्षणभर थांबायच्या. चव बघायला मला हाक मारायच्या. मी शीत तोंडात टाकायची आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

महाराजांना विचारून नियमातून सुटका होते, हे मला त्यांच्याच पुतणीनं सांगितलं होतं. अडचण असेल तर बदलून देतात. शिखरजीलाही डोली मिळते, माणसं खुर्चीत बसवून वर नेतात. मी काकूंना म्हटलं, एवढे साधू येतात गावात, एकदा विचारा की. काकू बांगड्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं तर व्हय म्हनतेल. म्हनून तर विचारत न्हाई."

मग अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दुकान बंद झालं. मुलगा सन्मती पुण्याला नोकरीत. तो यायचा, पैसे पाठवायचा, कामाला बाई ठेवू म्हणायचा. काकू म्हणायच्या, असू द्या. धिप्पाड अप्पांना त्या एकट्या कुशीवर वळवायच्या. बांगड्या भरणारे ते मऊ हात पाहता पाहता खरबरीत झाले आणि गुडघे तर पार गेले.

सगळ्यात हाल व्हायचे ते हिवाळ्यात. दिवस लवकर मावळतो आणि अप्पांना एक घास चावायला युगं लागायची. दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात जायचा नाही, हा त्या घराचा कायदा. काकू चहाच्या वेळेलाच ताट घेऊन बसायच्या. एक डोळा अप्पांच्या तोंडाकडे, दुसरा खिडकीकडे. भिंतीवरचं ऊन वर सरकायला लागलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "गिळा हो, गिळा जरा." अप्पा घाबरून घास तसाच गालात धरायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "काकू, आजाऱ्याला कसला आलाय दिवस न् रात्र?" तर अप्पांनीच डावा हात हलवून मला गप्प केलं. ऊन गेलं. काकूंनी ताट उचललं, अर्धं तसंच होतं. अंगणात येऊन पायरीवर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या 'बेजार' म्हणाल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचा धीर झाला नाही.

अप्पांचं बोलणं शेवटी शेवटी मला आणि काकूंनाच कळायचं. काकू मंदिरात गेल्या होत्या तेव्हा अप्पांनी एकदा मला जवळ बोलावलं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बाई, मी बोललो. अन् ती उभी राह्यली. तिला न्या. डोलीनं का हुईना, न्या." डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर येत नव्हता. मी पुसलं. काकू आल्यावर मी हे सांगितलं, तर त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि दूध तापवायला गेल्या.

अप्पा गेले. तेराव्याला भावकीतल्या लेकी-सुनांनी घर आवरलं. काकूंनी भाताचं पातेलं स्वतः घासलं, पुसलं आणि माळ्यावर ठेवायला दिलं.

वर्ष व्हायच्या आतच सन्मतीनं तिकिटं काढली. विमानानं न्यायचं, रांचीपासून गाडी आणि डोंगरावर डोली. मोबाइलवर डोलीचा फोटो दाखवत म्हणाला, "आई, बघ, आरामखुर्चीसारखं असतं."

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. फोटोतल्या डोली उचलणाऱ्या चौघांना पाहिलं. "मेल्यावर चौघं उचलनारच हायत. जित्तेपनी कामून?"

"मग चालत होईल का तुला?"

"न्हाई."

"मग?"

"मग आधी कुंथलगिरीला ने. बाईंनाबी घेऊ. तिथं कोन असतेल त्येंना विचारते."

म्हणजे काकू अखेर विचारणार होत्या. मला इतका आनंद झाला की मी लगेच आंबेमोहोर तांदूळ आणून ठेवला. तिथं हो म्हटलं की त्याच संध्याकाळी, ऊन असताना, माझ्या हातानं शिजवून त्यांच्या पानात वाढायचा, हे मी ठरवून टाकलं.

पौषातला दिवस होता. मुरूड, येडशी, येरमाळा मागे टाकत गाडी निघाली. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत. पायथ्याशी चपला काढल्या. मी तुळजापूरच्या भवानीची, मला पायऱ्यांची सवय. पण काकूंबरोबर चढणं म्हणजे चढणं नव्हतंच. दोन पायऱ्या चढायच्या आणि बसायचं. सन्मती हात द्यायचा, त्या नको म्हणायच्या. तरण्या पोरी खिदळत पुढे जात होत्या. काकू त्यांच्या पायांकडे बघत होत्या. तो काही मोठा डोंगर नाही. पण आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि काकूंचे ओठ पांढरे पडले होते. पादुकांपुढं त्यांनी डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. मला भीती वाटली म्हणून मी वाकून पाहिलं. डोळे मिटून नुसत्या श्वास घेत होत्या.

मंदिराच्या ओवरीत एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, बसल्या होत्या. पांढरी साडी, केस उपटलेलं डोकं, मोरपिसांची पिंछी, वय माझ्या लेकीएवढं. काकूंनी "वंदामि माताजी" म्हणून हात जोडले आणि भिंतीचा आधार घेत समोर बसल्या. सगळं सांगितलं, न थांबता, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं. भात, लग्न, अप्पांचं बोलणं, सासू, आजारपण, गुडघे.

माताजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आजी, पुष्कळ पाळलंत. हेसुद्धा सिद्धक्षेत्रच आहे. आज तुमची वंदना झाली. इथंच नियम पुरा झाला असं समजा. मी सांगते, भात घ्या."

सन्मतीनं सुस्कारा सोडला. माझ्या तर डोळ्यांपुढे वाफाळतं पातेलं आलं.

काकू म्हणाल्या, "सोडवायला न्हाई आले माताजी. नवा नियम घ्यायला आले."

"कशाचा?"

"मी शिखरजी सोडलं."

माताजी काकूंकडे पाहतच राहिल्या. त्यांच्याकडे येऊन लोकांनी मीठ सोडलं असेल, तूप सोडलं असेल, घर सोडलं असेल. शिखरजी सोडायला आलेलं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. सन्मती म्हणाला, "आई, अगं काय बोलतीस?" काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "जायची इच्छासुद्दा सोडली. जलमभर. द्या नियम."

माताजींनी पिंछी उचलली आणि काकूंच्या डोक्यावर धरून आशीर्वाद दिला.

उतरताना मी भांडले. मला राग आवरत नव्हता. "अहो, म्हणजे आता भात कधीच नाही ना? शिखरजी होईपर्यंत म्हणालात आणि शिखरजीच सोडलंत! माताजी एवढ्या सांगत होत्या, घ्या म्हणून. काय मिळालं तुम्हाला?"

काकू एका पायरीवर बसल्या. सन्मती पुढे गाडी आणायला गेला होता. "भाताचं काय बाई," त्या म्हणाल्या, "भात कदीच सुटला. अप्पा गेले त्या दिवशी वासाचंबी सुटलं. सुटत नव्हतं ते शिखरजी." थोडा दम घेतला. "अन् अप्पा अडकून पडले असतेल. बोलले, अन् केलं न्हाई. मरताना त्येंच्या जिवाला त्येचीच फिकीर. मी जोवर आस धरून बसनार, तोवर त्येंचं बोलनं तसंच उभं. आता मलाच जायचं न्हाई म्हनल्यावर त्येंनी न्यायचा सवालच कुटं ऱ्हातो? सुटला की न्हाई मानूस?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही बाई सोसते आहे. त्या पायरीवर कळलं की तिनं त्याला कधीचं माफ केलं होतं, फक्त ते त्याच्यापर्यंत कसं पोचवावं हे तिला सापडत नव्हतं. मी पदर तोंडाला लावून रडले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत "असू द्या, असू द्या" म्हणत होत्या.

खाली भोजनशाळेत त्या भाकरी आणि आमटी पोटभर जेवल्या. वाढणारा भात घेऊन आला तर ताटावर हात आडवा धरला आणि मला म्हणाल्या, "तुमी घ्या, बाई. मोकळा दिसायलाय."

हा आमचा एकत्र घालवलेला शेवटचा दिवस. पुढच्या आठवड्यात सन्मती त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेले आणि तिथंच मला पावसाळ्यात फोन आला की काकू झोपेतच गेल्या.

त्या दिवशी कुंथलगिरीहून परत येताना काकू मागच्या सीटवर माझ्याशेजारी होत्या. येरमाळा आलं तोवर त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. मुरूड गेलं, लातूर आलं, दिवे लागले. सन्मतीनं आरशातून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "झोपलीय का?" मी मान डोलावली. आमच्या गल्लीचं वळण आलं. त्यानं गाडी वळवली नाही. तशीच सरळ, गावाबाहेर, औशाच्या रस्त्याला घातली.